जुना कॉम्प्युटर भंगारात देताय? थांबा, आधी त्याला पेलेल असं लिनक्स टाकून बघा

२०२५ च्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली ३ सीपीयू आणि १ लॅपटॉप येऊन पडला होता, भंगारवाल्याची वाट बघत. कारण सगळ्यांचं एकच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, ११ टाकायला जावं तर टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची चिप) पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण ८ व्या जनरेशनपासून पुढचा पाहिजे, म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेलं जवळपास सगळं बाद. दुकानात विचारलं तर नवीन घ्या म्हणतात, फार आग्रह केला तर कसंतरी ११ घुसवून देतात आणि मग ४ जीबी रॅमवर ते दिवसभर रांगत बसतं. त्या जिन्याखालचा एक सीपीयू मी उघडून बघितला तर आत ३ ऱ्या जनरेशनचा आय-५ आणि ४ जीबी रॅम! असली मशीन किलोच्या भावात जाते हे बघून जीव तुटतो हो.

गेली काही वर्षं मी ठाण्यात आणि इकडे कोपरखैरणे-ऐरोलीपर्यंत ओळखीपाळखीच्या लोकांच्या जुन्या मशीनवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, टाकून देतोय, सुट्टीच्या दिवशी, आवडीने. त्यातून जे कळलं ते सगळं इथे एकदा नीट लिहून ठेवतोय, म्हणजे तुम्हाला घरच्या घरी करता येईल.

लिनक्सचे मिंट, अँटिएक्स असे बरेच प्रकार असतात, त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. "सगळ्यात हलकं लिनक्स कोणतं" हा प्रश्नच चुकीचा आहे. तुमच्या मशीनला जेवढं पेलेल त्यातलं सगळ्यात सोयीचं कोणतं, हे शोधायचं. मी सुरुवातीला समोरच्या काकूंच्या ४ जीबीच्या मशीनवर अँटिएक्स टाकून दिलं होतं, का तर ते सगळ्यात हलकं. मशीन पळत होती एकदम, पण काकूंना वायफाय जोडायची खिडकी सापडेना, पेनड्राइव्ह लावला तर पुढे काय करायचं कळेना, ८ दिवसांनी बघतो तर कॉम्प्युटरवर टेबलक्लॉथ घातलेला आणि काकू परत मोबाइलवर. मग तिथेच मिंट टाकलं, थोडं जड आहे पण विंडोजसारखा खाली मेनू, उजव्या कोपऱ्यात वायफाय, आणि आता त्या रोज वापरतात. हलकं असून कोणी वापरत नसेल तर काय उपयोग.

मशीन ओळखा

३ गोष्टी कागदावर लिहून काढा. प्रोसेसर कोणता आणि तो ६४ बिट आहे का, रॅम किती, आणि आत हार्ड डिस्क आहे की एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क). विंडोज चालू होत असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे प्रोसेसर आणि रॅम दिसते, डिस्कचा प्रकार ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जमध्ये दिसतो. इथे एक फसायला होतं. तिथे "३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम" असं वाचून लोक म्हणतात माझी मशीन ३२ बिट आहे, पण त्याच ओळीत पुढे "एक्स६४ बेस्ड प्रोसेसर" असं लिहिलेलं असतं, म्हणजे विंडोज ३२ बिट टाकलंय पण प्रोसेसर ६४ बिट आहे. पूर्वी असेंबल केलेल्या कितीतरी मशीनवर २ जीबी रॅम म्हणून ३२ बिट विंडोज टाकून दिलेलं असायचं. कोअर २ ड्युओपासून पुढचं सगळं ६४ बिटच आहे, म्हणजे २००६ पासूनचं. खरं ३२ बिटवालं आता फार थोडं उरलंय, जुने पेंटियम ४ आणि ते छोटे नेटबुक यायचे बघा २००८-०९ ला, अॅटम एन२७० वाले, ते.

३२ आणि ६४ चा एवढा बाऊ कशाला, तर क्रोमने लिनक्सवरचा ३२ बिट सपोर्ट २०१६ मध्येच बंद केला. फायरफॉक्सची १४४ ही ३२ बिट लिनक्ससाठीची शेवटची नेहमीची आवृत्ती, त्यानंतर फक्त १४० ची लांब सपोर्टवाली ईएसआर, तीही सप्टेंबर २०२६ च्या आसपासपर्यंतच. डेबियन, ज्याच्यावर ही निम्मी हलकी लिनक्स बांधलेली असतात, त्यांनीही १३ व्या आवृत्तीत म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. त्यामुळे मशीन खरोखर ३२ बिट असेल तर ती टायपिंग, गाणी, जुनी कागदपत्रं बघणं, पोरांना पायथनचे धडे गिरवायला एवढ्यासाठी ठेवा. नेटबँकिंग तिच्यावर करू नका.

आधी मशीन साफ, मग बाकीचं

आमच्या सोसायटी ऑफिसचा पीसी, कोअर २ ड्युओ, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. सेक्रेटरी काका म्हणाले स्क्रीनच येत नाही, ३ वेळा बीप वाजतो नुसता. उघडला तर आत धुळीची गोधडी. ब्रशने साफ केला, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी दातांवर शाळेतलं साधं खोडरबर हलक्या हाताने घासलं, रबराचा चुरा फुंकून टाकला आणि परत टक्क आवाज येईपर्यंत बसवल्या. चालू! आपल्याकडच्या दमट हवेत त्या दातांवर थर चढतो, विशेषतः पावसाळ्यात मशीन महिनोन्महिने बंद राहिली की, आणि लोकांना वाटतं बोर्ड गेला.

पण खरी गंमत पुढे झाली. स्क्रीन आली, नेट लागलं, पण ब्राउझरमध्ये एकही साइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी "कनेक्शन सुरक्षित नाही". काकांना वाटलं व्हायरस. कोपऱ्यात घड्याळ बघितलं तर १ जानेवारी २००९! बोर्डावरचा तो गोल सेल, सीआर२०३२, तो संपला की मशीन बंद केल्यावर तारीख मागे जाते आणि तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट जुळत नाही. तो सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, जुना काढताना कोणती बाजू वर होती तेवढं बघून ठेवा. सेल बदलला, तारीख लावली, सगळं उघडलं. जुनी मशीन हातात आली की मी आता सगळ्यात आधी हा सेल बदलतो.

खर्च करायचाच असेल तर एसएसडीवर करा. कुठलं लिनक्स घ्यायचं यावर लोक आठवडाभर वाद घालतात, पण हार्ड डिस्क काढून साधी २.५ इंची साटा एसएसडी लावली तर जो फरक पडतो तो कुठल्याच सिस्टिमने पडत नाही. २४०-२५६ जीबीची पुरते. डेस्कटॉपमध्ये ती बसवायला पट्टी नसली तरी बिघडत नाही, आत काही फिरत नाही त्यामुळे दुहेरी टेपने चिकटवली तरी चालते. बायोसमध्ये (मशीन चालू होतानाची बोर्डाची सेटिंग्ज) साटा मोड आयडीई असेल तर तो एएचसीआय करून घ्या, आणि हे इन्स्टॉल करायच्या आधी करा. त्यानंतर रॅम. कोअर २ ड्युओवाल्यात बहुतेक वेळा डीडीआर२ असते, आय-३ आय-५ च्या ४ थ्या जनरेशनपर्यंत डीडीआर३. लॅपटॉप ४ थ्या जनरेशनचा असेल तर डीडीआर३एल म्हणजे कमी व्होल्टेजवालीच घ्या, साधी लावली तर बऱ्याच वेळा चालूच होत नाही. जुनी रॅम जवळपास मिळाली नाही तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडला जायचं, तिथे अजूनही मिळते. जाताना जुनी पट्टी सोबत न्या, तोंडी सांगून चूक होते.

आता निवड

मशीन ६४ बिट आहे आणि रॅम ४ जीबी किंवा जास्त? मग फार विचार करू नका, लिनक्स मिंट, एक्सएफसीई एडिशन (एक्सएफसीई म्हणजे हलका डेस्कटॉप). मिंटची किमान अट २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा एवढीच आहे, ४ जीबीवर आरामात चालतं. २२ ची जी मालिका आहे ती उबुंटू २४.०४ वर बांधलेली, तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. म्हणजे २०१२ चा लॅपटॉप २०२९ पर्यंत सुरक्षित राहू शकतो, जरा विचार करा. मिंटच्या ३ एडिशन आहेत, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. ८ जीबी आणि एसएसडी असेल तर सिनॅमन घ्या, दिसायला जास्त छान आहे, नाहीतर एक्सएफसीई. आणि डाउनलोड करताना नीट बघा कारण पेजवर सिनॅमन आधी दिसते, घाईत तीच उतरवतात आणि मग म्हणतात मिंट जड आहे.

रॅम २-३ जीबी आणि मशीन ६४ बिट असेल तर मी एमएक्स लिनक्सकडे जातो. डेबियनवर बांधलेलं आहे, एक्सएफसीईच डेस्कटॉप, आणि त्यांची स्वतःची एमएक्स टूल्स म्हणून जी छोटी छोटी अवजारं आहेत ती फार कामाची. अजून हलकं पाहिजे तर त्याचीच फ्लक्सबॉक्स एडिशन आहे. याच गटात लुबुंटूचं नाव सगळे घेतात, वाईट नाहीच ते, एलएक्सक्यूटी डेस्कटॉप आहे, नीटनेटकं आहे, पण त्यात फायरफॉक्स स्नॅप नावाच्या जड पॅकेजमध्ये येतो आणि फिरत्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला इतका वेळ लावतो की माणूस परत परत क्लिक करत बसतो. शिवाय लुबुंटूच्या २४.०४ ला ३ वर्षंच सपोर्ट, एप्रिल २०२७ पर्यंत. एसएसडी असेल तर लुबुंटू चालेल, हार्ड डिस्क असेल तर एमएक्स. सोसायटी ऑफिसच्या त्या पीसीवर एमएक्सच टाकलं.

ज्यांचा हात एक्सपीवर बसलाय आणि त्यांना तसंच पाहिजे, अशा मोठ्या माणसांसाठी क्यू४ओएसची ट्रिनिटी एडिशन बघा. दिसायला जुन्या विंडोजसारखी, चालायला हलकी. ठाण्यातल्या एका निवृत्त सरांना ती इतकी आवडली की ते म्हणाले, अरे हेच तर होतं माझ्या शाळेत!

१ जीबीच्या आसपास असेल तर मात्र अँटिएक्स. हे पण डेबियनवरच, आइसडब्ल्यूएम नावाचा अगदी साधा डेस्कटॉप. माझ्याकडच्या अॅटमच्या नेटबुकवर चालू झाल्यावर २०० एमबीच्या आसपास रॅम घेतं. ३२ बिट पाहिजे असेल तर त्याची डेबियन १२ वरची २३ नंबरची आवृत्ती घ्या, एमएक्सची सुद्धा २३ नंबरची ३२ बिटमध्ये आहे. पेनड्राइव्हवरून चालू केल्यावर पासवर्ड मागितला तर "डेमो" आणि रूट म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यासाठी "रूट", इंग्रजी छोट्या अक्षरांत. यावर लोक अडून बसतात म्हणून सांगितलं.

पपी लिनक्स वेगळ्याच कामाचं. ते सगळंच्या सगळं रॅममध्ये चढतं, हार्ड डिस्क नसली तरी चालतं. बॅरी कॉलर नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने २००३ मध्ये सुरू केलेलं. रोजच्या वापरासाठी मी ते कोणाला देत नाही कारण त्यात नेहमीच रूट म्हणून काम होतं, पण विंडोज बसलंय, चालू होत नाही आणि आतले लग्नाचे फोटो काढायचेत, अशा वेळी पपीचा पेनड्राइव्ह लावायचा आणि फोटो बाहेर काढायचे. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याला एक कायम असतो.

टायनी कोअर २३ एमबीत बसतं, कौतुकास्पद आहे, पण ते शिकणाऱ्यांसाठी. आणि सी-डॅकचं बॉस लिनक्स आपलं स्वतःचं, भारतीय भाषांवर त्यात मेहनत घेतलेली आहे, पण कमी रॅमच्या मशीनसाठी मी आधी तिकडे जाणार नाही.

डेटा आणि फॉन्ट

बॅकअप घ्या हे सगळेच सांगतात. डॉक्युमेंट, फोटो, डेस्कटॉपवरचं सगळं, ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, टॅली असेल तर त्याचा डेटा फोल्डर. २ ठिकाणी कॉपी. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर डिस्कला हात लावायच्या आधी तो बंद करा.

पण एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, ती म्हणजे फॉन्ट. आपल्याकडे १०-१५ वर्षांपूर्वीची मराठी कागदपत्रं युनिकोडमध्ये नसतात, शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. लिनक्सवर ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो आणि माणूस घाबरतो, की फाइल खराब झाली. खराब झालेली नसते, फॉन्ट नसतो. म्हणून जुन्या विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर आख्खा कॉपी करून ठेवा. नंतर लिनक्समध्ये त्या फॉन्टच्या फाइलवर डबल क्लिक करून इन्स्टॉल म्हटलं की जुनी नोटीस परत मराठीत दिसते. सोसायटीच्या २००८ पासूनच्या नोटिसा आणि सभेचे इतिवृत्तांत अशाच वाचवले. विंडोज पुसल्यावर तो फॉन्ट शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका.

पेनड्राइव्ह

८ जीबीचा पुरतो, १६ असेल तर उत्तम. व्हेंटॉय नावाचं फुकट आणि ओपन सोर्स अवजार आहे, ते एकदा पेनड्राइव्हवर टाकायचं, त्याने पेनड्राइव्ह पुसला जातो तेवढं लक्षात ठेवा, आणि मग आयएसओ फाइल (लिनक्सची डाउनलोड केलेली फाइल) नुसत्या कॉपी पेस्ट करायच्या. मिंट, एमएक्स, पपी सगळं एकाच पेनड्राइव्हवर राहतं, चालू करताना यादी येते. फार जुन्या बोर्डावर व्हेंटॉय कधी कधी अडतं, तेव्हा रूफस नावाच्या अवजाराने एकच आयएसओ लिहा.

आयएसओ उतरल्यावर ती पूर्ण उतरली का हे तपासा. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून शा-२५६ (फाइलचा ठसा असलेला आकडा) काढता येतो, तो आकडा डाउनलोड पेजवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. पावसात नेट जातं-येतं, फाइल अर्धवट उतरते आणि मग इन्स्टॉल मध्येच अडकलं की लोक मशीनला दोष देतात. २ मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

मग मशीन बंद करून पेनड्राइव्ह लावा आणि चालू करताना बूटची की दाबत राहा. डेल, लेनोव्हो, गिगाबाइट एफ१२, एचपी असेल तर एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप आणि असूसच्याच डेस्कटॉप बोर्डावर एफ८, एसरला पण एफ१२ पण ते आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. सिक्युअर बूट अडवत असेल तर बायोसमधून बंद करा.

एक आख्खी संध्याकाळ नुसतं वापरून बघा

लिनक्सची ही सोय मला फार मोलाची वाटते. काहीही न पुसता, विंडोजला हात न लावता, पेनड्राइव्हवरून पूर्ण सिस्टिम चालते. घाई करून लगेच इन्स्टॉलवर क्लिक करू नका. ज्या माणसाला ती मशीन वापरायचीये त्याला बसवा, तुम्ही नका बसू! वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर परत जागं होतंय का, आणि घरात प्रिंटर असेल तर १ पान प्रिंट करून बघा. पेनड्राइव्हवरून थोडं संथ चालणारच, ते मोजू नका.

वायफाय नाही लागलं तर घाबरू नका, ब्रॉडकॉमची जुनी कार्डं असतात त्यांना वेगळा ड्रायव्हर लागतो. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट आपोआप येतं. मग मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा, तो स्वतः सांगतो काय टाकायचं. कोपरखैरण्याला भाचीच्या लॅपटॉपला हेच केलं होतं, १० मिनिटांत वायफाय आलं.

याच वेळी डिस्क्स नावाचं ॲप उघडून हार्ड डिस्कचं स्मार्ट रिपोर्ट (डिस्कची तब्येत) बघा. रीअलोकेटेड सेक्टरचा (खराब झालेल्या भागांचा) आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल तर ती डिस्क जाणार, तिच्यावर इन्स्टॉल करण्यात अर्थ नाही.

इन्स्टॉल

हे सगळ्यात सोपं आहे. डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या आयकॉनवर क्लिक, भाषा निवडा. मराठी पण मिळते, पण मी इंग्रजीच ठेवायला सांगतो कारण काही अडलं आणि शोधायला गेलात तर मेनूची नावं जुळली पाहिजेत. कीबोर्डला इंग्रजी भारत, रुपयावाला निवडा, म्हणजे उजवीकडचा ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतो. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकोनात टिक करा. टाइम झोन कोलकाता. मशीन पूर्ण लिनक्सची करायची असेल तर डिस्क पुसून टाका हा पर्याय, बॅकअप परत एकदा बघून.

विंडोज सोबत ठेवायचं असेल तर तसाही पर्याय असतो, पण आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून काही लिहिता येत नाही. आणि दोन्ही ठेवलं की विंडोजचं घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे दिसायला लागतं, त्याने दचकू नका, लिनक्स बोर्डावर यूटीसी (जागतिक) वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ धरतं. छोट्या डिस्कवर दोन्ही ठेवू नका एवढंच माझं मत, १६० जीबीत दोघांचीही कुचंबणा होते.

टाकल्यावर

पहिलं अपडेट मॅनेजर. दुसरं, मिंट असेल तर टाइमशिफ्ट चालू करून १ स्नॅपशॉट घ्या, पुढे काही बिघडलं तर सिस्टिम त्या दिवशी होती तशी परत आणता येते.

मग मराठी टायपिंग. कीबोर्डच्या लेआउटमध्ये जाऊन मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट (सरकारी मराठी कीबोर्ड) येत असेल तर प्रश्नच नाही, त्यात शिफ्ट जे ने ऱ येतो, त्यानेच दुसऱ्या, सुऱ्या हे नीट उमटतं, मोबाइलवर लिहून सवय झालेले लोक हे विचारतातच. इन्स्क्रिप्ट येत नसेल तर मराठी कगप फोनेटिक म्हणून लेआउट आहे, के दाबलं की क, जी दाबलं की ग. अजून इंग्रजी स्पेलिंगसारखं पाहिजे तर आयबस (टायपिंगचं अवजार) आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका, त्यात मराठी आयट्रान्स मिळतं. फॉन्टसाठी लोहित देवनागरी आणि नोटो देवनागरी, दोन्ही सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आहेत.

प्रिंटर. एचपीचे बहुतेक चालतात, लेझरजेट १०२० सारख्या काहींना एक प्लगइन उतरवावं लागतं, एचपीचा ड्रायव्हर एचपीलिप ते स्वतः विचारतो. एप्सनचे इंक टँकवाले बरे चालतात. कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे अर्ध्या ऑफिसांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसतो, त्याला वेगळा कॅप्ट ड्रायव्हर लागतो आणि खटपट करावी लागते, घरी तोच प्रिंटर असेल तर एक सुट्टी त्यासाठी राखून ठेवा.

आणि आता ब्राउझर, कारण खरं ओझं तिथे आहे. सिस्टिमने ५००-७०० एमबी घेतली की नाही यावर चर्चा होतात, पण जीमेल, यूट्यूब आणि एक बातम्यांची साइट उघडली की २ जीबी कुठे गेली कळत नाही. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाका, जाहिराती थांबल्या की जुना प्रोसेसर अक्षरशः मोकळा श्वास घेतो. यूट्यूब अडखळत असेल तर कारण असं की ते आता व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारात व्हिडिओ पाठवतं आणि जुन्या ग्राफिक्सला ते उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. एच-२६४-इफाय म्हणून एक्स्टेन्शन आहे ते टाकलं की जुन्या प्रकारात व्हिडिओ येतो, ४८० वर ठेवा, कोअर २ ड्युओवर सुद्धा अभंग-कीर्तन बघता येतं. रॅम २ जीबी असेल तर झेडरॅम टूल्स हे पॅकेज पण टाका, ते रॅममधला न लागणारा भाग तिथल्या तिथेच दाबून ठेवतं, हार्ड डिस्कवर टाकण्यापेक्षा खूप बरं.

कोणी करू नये

टॅली किंवा एखादं विंडोजचंच सॉफ्टवेअर रोज लागत असेल, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनवर काम असेल आणि त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळत नसेल, मुलाला क्लासमध्ये खास एमएस ऑफिसची परीक्षा द्यायची असेल, तर ती मशीन राहू दे, दुसरी घ्या. लिबर ऑफिस चांगलं आहे, वर्डच्या एक्सेलच्या फाइल उघडतं, पण मॅक्रोवाल्या एक्सेल शीट सगळ्या तशाच्या तशा चालतील असं नाही. सोसायटीची मेंटेनन्सची शीट साधी होती, बेरजा आणि टक्केवारी, ती लगेच चालली.

टाकून दिल्यावर पहिला आठवडा त्या माणसाच्या जवळपास राहा. काकांना मी एका कागदावर मोठ्या अक्षरात पासवर्ड, प्रिंट कशी काढायची, पेनड्राइव्ह कसा काढायचा एवढं लिहून दिलं, तो कागद त्यांनी ऑफिसच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. पहिल्या ३ दिवसांत ५ फोन आले, चौथ्या दिवशी १, मग बंद. मागच्या महिन्यात विचारलं तर म्हणाले, "अरे तो अपडेटचा निळा ठिपका येतो ना, मी आपला दाबून टाकतो, बरोबर ना?" बरोबर काका.

जिन्याखालचा तो आय-५ आता सोसायटीच्या वॉचमन दादांच्या मुलीकडे आहे, दहावीला आहे ती. २४० ची एसएसडी लावली, मिंट टाकलं, मॉनिटर दुसऱ्या मजल्यावरून मिळाला. बाकीचे २ सीपीयू उघडायचेत, एकाचा पॉवर सप्लाय गेलाय असं वाटतंय, रविवारी बघतो.